स्तनरोपणानंतरचे संपुट-आकुंचन

स्तनाला आकार देण्यासाठी शरीरात बसविलेल्या कृत्रिम रोपणाभोवती तंतुमय ऊतकाचे आवरण तयार होते. या आवरणास संपुट म्हणतात. हे संपुट जाड होऊन आवळले जाणे म्हणजे संपुट-आकुंचन होय. त्यामुळे स्तन घट्ट होतो, त्याचा आकार बिघडतो व तीव्र अवस्थेत वेदना होतात. कर्करोगामुळे स्तन काढून टाकल्यानंतरच्या पुनर्रचनेत, तसेच केवळ आकारवृद्धीसाठी केलेल्या शस्त्रक्रियेनंतर ही विकृती उद्भवते. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याच्या प्रमुख कारणांत तिची गणना होते.

सिलिकोन जेलने भरलेले रोपण अमेरिकेतील ह्यूस्टन येथे टॉमस क्रोनिन व फ्रँक जेरो या शल्यचिकित्सकांनी १९६२ मध्ये प्रथम वापरले. आकुंचनाची तीव्रता ठरविण्यासाठी १९७५ मध्ये जेम्स बेकर यांनी सुचविलेली प्रतवारी आजही प्रचलित आहे. पहिल्या श्रेणीत स्तन मऊ व स्वाभाविक असतो; दुसरीत तो हाताला किंचित घट्ट लागतो; तिसरीत घट्टपणाबरोबर आकारातील बिघाड डोळ्यांना दिसतो; चौथीत वेदनाही असतात. तिसऱ्या व चौथ्या श्रेणींस उपचाराची गरज भासते.

संपुटाची निर्मिती : शरीर ज्या परक्या वस्तूस नष्ट करू शकत नाही, तिला ते तंतुमय भिंत घालून वेगळे ठेवते. हृदयाचे ठोके नियमित करणाऱ्या पेसमेकरभोवतीही असेच आवरण बनते. संपुट तयार होणे हा म्हणून रोग नव्हे. त्याचे आकुंचन हा रोग होय. रोपणाच्या पृष्ठावर प्रथम प्रथिनांचा थर बसतो, नंतर भक्षककोशिका जमतात व तंतुजनक कोशिका कोलॅजन निर्माण करतात. शोथ (दाहयुक्त सूज) लांबल्यास या कोशिकांना स्नायूप्रमाणे आकुंचन पावण्याचा गुणधर्म येतो. जखम भरताना तिच्या कडा जवळ आणणाऱ्या कोशिका याच प्रकारच्या असतात. त्यांच्या ताणाने संपुटातील जागा कमी होते व रोपण चेंडूसारखे गोल होते. आतील जेल मऊच राहते. कठीणपणा भासतो तो आवळलेल्या आवरणामुळे.

कारणे : आकुंचनास कोणतेही एकच कारण पुरेसे ठरत नाही. शोथ दीर्घकाळ टिकविणारे अनेक घटक त्यास जबाबदार असतात. त्यांपैकी जंतूंचा अल्पसा संसर्ग हा सर्वांत महत्त्वाचा मानला जातो. त्वचेवर व दुग्धनलिकांत नेहमी वास करणारा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा जंतू रोपणाच्या पृष्ठावर चिकट थर करून राहतो. त्या थरात प्रतिजैविक औषधे नीट पोहोचत नाहीत. ताप, पू अशी लक्षणेही दिसत नाहीत. स्तनमंडलाच्या कडेने छेद घेतल्यास स्तनाखालील घडीतून घेतलेल्या छेदापेक्षा आकुंचन अधिक आढळते, याचे कारण दुग्धनलिकांतील जंतूंशी येणारा संपर्क हे असावे. शस्त्रक्रियेनंतर साचून राहिलेले रक्त, रोपण फुटून वा पाझरून बाहेर आलेले सिलिकोन आणि रोपण छातीच्या स्नायूखाली न ठेवता थेट स्तनग्रंथीखाली ठेवणे यांमुळेही धोका वाढतो. कर्करोगाच्या रुग्णांत किरणोपचार हा विशेष प्रभावी घटक आहे. किरणांमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होते व ऊतक हळूहळू तंतुमय बनत जाते.

काल : संपुट पहिल्या काही आठवड्यांत आकार घेते. आकुंचनाची बरीच प्रकरणे पहिल्या एक-दोन वर्षांत प्रकट होतात. त्यांचा संबंध बहुधा जंतुसंसर्ग, रक्तसंचय व किरणोपचार यांच्याशी असतो. मात्र त्यानंतर धोका संपत नाही; वर्षांगणिक त्यात भर पडत जाते. अनेक वर्षे मऊ राहिलेला स्तन उशिरा घट्ट होऊ लागल्यास रोपण फुटल्याची शक्यता तपासावी लागते.

निदान व पाठपुरावा : प्रतवारी हाताने तपासून ठरते, रोपण फुटले आहे की नाही हे सोनोग्राफी व एमआरआय यांवरून कळते. सिलिकोन रोपणाची अशी पाहणी शस्त्रक्रियेनंतर ५-६ वर्षांनी व पुढे दर २-३ वर्षांनी करावी, अशी शिफारस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये केली. पुनर्रचना झालेल्या स्त्रीस नवा घट्टपणा वा गाठ जाणवल्यास ते आकुंचनच आहे असे गृहीत धरू नये व कर्करोग उलटला असेही मानू नये. तपासणीनेच निर्णय करावा. एका वर्षानंतर रोपणाभोवती द्रव साचून सूज आल्यास त्या द्रवाची कोशिकीय तपासणी आवश्यक असते, कारण खडबडीत पृष्ठाच्या रोपणांशी निगडित असा लसीका ऊतकाचा एक विरळा कर्करोग तेथे उद्भवू शकतो. त्यामुळेच अशा रोपणांचा एक प्रकार २०१९ मध्ये जगभरातून मागे घेण्यात आला.

पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड यांसारख्या तालुक्यांत या पाठपुराव्यास विशेष महत्त्व येते. दोन्ही गावे पुण्यापासून सु. ७०-८० किमी. अंतरावर आहेत. मोठी शस्त्रक्रिया शहरात व्हावी आणि पुढील तक्रार मात्र गावातील वैद्यास प्रथम सांगितली जावी, ही तेथील स्वाभाविक स्थिती होय. मधल्या काळात काही वर्षे लोटलेली असतात. म्हणून रोपणाचा प्रकार, पृष्ठ, क्रमांक, शस्त्रक्रियेची तारीख व किरणोपचारांचा तपशील असलेला कागद रुग्णाने स्वतःजवळ जपून ठेवणे आवश्यक ठरते.

प्रतिबंध व उपचार : काटेकोर निर्जंतुकता, रक्तस्राव पूर्ण थांबविणे, रोपणाची पोकळी जंतुनाशक द्रावाने धुणे व रोपणास कमीत कमी हात लावणे हे मुख्य उपाय होत. बाहेरून हाताने जोराने दाबून संपुट फोडण्याची जुनी पद्धत रोपण फुटण्याच्या व रक्तस्रावाच्या धोक्यामुळे मागे पडली आहे. सौम्य आकुंचनावर लक्ष ठेवणे पुरते. तीव्र आकुंचनात संपुट छेदतात किंवा काढून टाकतात, रोपण बदलतात व शक्य तेथे त्याची जागाही बदलतात. तरीही आकुंचन पुन्हा होऊ शकते. किरणोपचार झालेल्या स्त्रियांत पोटाच्या वा पाठीच्या स्वतःच्या ऊतकाने केलेली पुनर्रचना हा महत्त्वाचा पर्याय असतो. परकी वस्तू नसल्याने तेथे आकुंचन पावणारे संपुट तयार होत नाही. ही शस्त्रक्रिया मात्र अधिक मोठी असते. रोपण कायमचे काढून टाकणे हाही वैद्यकीय दृष्ट्या योग्य पर्याय असून त्याची माहिती रुग्णास पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वीच देणे इष्ट असते.