दोन क्लचची गाडी आणि घाटाचा चढ

गाडी चालवण्याविषयी आपण या कार्यक्रमात बोलायला लागलो, तेव्हापासून एक प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी आमच्याकडे येतो आहे. ‘गाडी ऑटोमॅटिक शे, तरी चढवर मांगे सरकस, आसं काबर?’ कुणी पिंप्राळ्याच्या रेल्वे उड्डाणपुलाच्या चढावर रांगेत अडकलेली असते, कुणी अजिंठ्याच्या घाटात, कुणी नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढताना. मागे ट्रक, पुढे बस, शेजारी सासूबाई, मागच्या सीटवर मुलं. ब्रेकवरचा पाय उचलला की गाडी पुढे जायच्या ऐवजी हातभर मागे येते आणि काळजात धस्स होतं. आज याच प्रश्नाचं उत्तर नीट समजून घेऊ.

आधी एक समज दूर करू. ‘ऑटोमॅटिक म्हणजे बायकांची गाडी, तिच्यात काही करावंच लागत नाही,’ असं घरोघरी बोललं जातं. ते खरं नाही. क्लचचं पेडल नसतं, याचा अर्थ क्लच नसतो असा नाही. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत क्लच असतोच. तो आपल्या पायाऐवजी गाडीतला संगणक दाबतो आणि सोडतो. काही गाड्यांत तर एकाऐवजी दोन क्लच असतात. आपण ज्यांना डीसीटी, डीएसजी किंवा डीसीए या नावांनी ओळखतो, त्या याच दोन क्लचच्या गाड्या.

आत काय चालतं

इंजिन सतत फिरत असतं. चाकं मात्र कधी थांबतात, कधी हळू, कधी जोरात फिरतात. या दोघांना जोडणारी आणि सोडणारी चकती म्हणजे क्लच. दोन क्लचच्या गाडीत एका क्लचकडे पहिला, तिसरा, पाचवा असे विषम गिअर असतात आणि दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा असे सम गिअर. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धावत असते तेव्हा तिसरा आधीच लावून तयार ठेवलेला असतो. भाकरी करताना एक तव्यावर असते आणि दुसरी परातीत थापून होत आलेली असते, तसंच. पहिली उतरली की दुसरी लगेच तव्यावर पडते, तवा रिकामा राहत नाही. म्हणून मोकळ्या रस्त्यावर या गाड्यांचा गिअर कधी बदलला ते कळतही नाही.

ही कल्पना जुनी आहे. अडॉल्फ केग्रेस या फ्रेंच इंजिनियरने ती १९३९ च्या सुमारास मांडली. रोजच्या वापराच्या गाडीत ती फोक्सवॅगनने २००३ मध्ये आणली. आपल्याकडे २०१३ मध्ये पोलोच्या एका मॉडेलमध्ये ती आली, २०१९ मध्ये व्हेन्यू आणि सेल्टॉसमध्ये, २०२२ मध्ये अल्ट्रोझमध्ये. म्हणजे जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर अशा गाड्या आता काही नवलाच्या राहिलेल्या नाहीत.

मग अडचण कुठे येते? हळू चालण्यात. इंजिनाला एका ठरावीक वेगाखाली फिरता येत नाही, ते बंद पडतं. मिनिटाला साधारण आठशे फेरे हा त्याचा निवांत वेग. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण जोडलेला असेल, तर तेवढ्या फेऱ्यांनाही गाडी ताशी सहा-सात किलोमीटरने चालते. त्याहून हळू चालायचं तर क्लच अर्धवट जोडलेला ठेवावा लागतो. म्हणजे एक चकती जोरात फिरते, दुसरी हळू फिरते आणि दोघी एकमेकींवर घासतात.

विहिरीतून पोहरा ओढताना दोर मुठीत घट्ट धरला तर हाताला काही होत नाही. तोच दोर मुठीतून घसरत गेला तर तळहात भाजतो. क्लचचंही असंच आहे. पूर्ण जोडलेला असला तर तो सुखी, पूर्ण सुटलेला असला तरी सुखी. अर्धवट घासत राहिला की तापतो.

काही गाड्यांत हे क्लच तेलात बुडालेले असतात, त्यांना ओले क्लच म्हणतात. तेल उष्णता वाहून नेतं, म्हणून ते जरा जास्त सोसतात. काहींत ते कोरडे असतात, हवेनेच थंड होतात. आपल्या खान्देशात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. तेव्हा ती हवा तरी किती थंड असणार, याचा विचार करा.

चढावर सुटताना

समजा गाडी आणि आतली माणसं मिळून १६०० किलो वजन आहे. दहा मीटरला एक मीटर चढणारा रस्ता असेल, तर त्या वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे १६० किलोचा जोर, गाडीला सतत मागे ओढत असतो. सपाट रस्त्यावर ब्रेक सोडला की गाडी आपोआप हळूहळू पुढे सरकते, हे आपण पाहिलेलं असतं. पण ते सरकणं फार हलक्या जोराचं असतं. चढावर ते १६० किलोपुढे टिकत नाही. शिवाय ब्रेकवरून पाय उचलून अॅक्सिलरेटरवर नेईपर्यंत आणि क्लच जोडला जाईपर्यंत क्षणभर जातो. गाडी मागे येते ती त्याच क्षणात. गाडी बिघडली आहे, असं नव्हे.

यासाठी बऱ्याच गाड्यांत ‘हिल होल्ड’ असतं. आषाढी एकादशीला पिंप्राळ्याचा रथ निघतो, तेव्हा रथाच्या चाकाखाली मोगरी लावणारी माणसं आपण दरवर्षी पाहतो. रथ ओढणारे कितीही असोत, तो थांबतो आणि वळतो मोगरीवर. हिल होल्ड ही गाडीची मोगरी समजा. ब्रेक सोडल्यावरही ती चाकं धरून ठेवते. पण फक्त दोन-तीन सेकंद. तेवढ्यात अॅक्सिलरेटर दिला नाही तर ती सुटते आणि गाडी मागे येते. ‘हिल होल्ड आहे ना’ म्हणून निवांत बसायचं नाही. काही गाड्यांत ‘ऑटो होल्ड’ नावाचं वेगळं बटण असतं. ते अॅक्सिलरेटर देईपर्यंत गाडी धरून ठेवतं. आपल्या गाडीत यातलं काय आहे, ते घाटात जाण्याआधी पुस्तिकेत पाहून ठेवा.

चढावर सुटण्याची पद्धत अशी. ब्रेक पूर्ण दाबून उभ्या राहा. पुढची गाडी हलली तरी लगेच निघू नका, दोन गाड्या मावतील एवढी जागा होऊ द्या. मग ब्रेक सोडा आणि न घाबरता, सलग, ठामपणे अॅक्सिलरेटर द्या. भीत भीत थेंब-थेंब दिला तर क्लच जास्त वेळ घासतो. ठामपणे दिला तर तो पटकन जोडला जातो. चढ फारच उभा असेल तर हँडब्रेक ओढा, अॅक्सिलरेटर द्या, गाडी पुढे ओढू लागल्याचं जाणवलं की हँडब्रेक सोडा. म्हणजे मोगरी आपल्याच हातात राहते. हँडब्रेक बटणाचा असेल, तर बऱ्याच गाड्यांत सीटबेल्ट लावलेला असताना अॅक्सिलरेटर दिल्यावर तो आपोआप सुटतो. एका पायाने ब्रेक आणि दुसऱ्याने अॅक्सिलरेटर, असं मात्र करू नका. बऱ्याच गाड्या दोन्ही एकदम दाबल्यावर इंजिनाचा जोरच कमी करतात.

आता सगळ्यांत मोठी चूक. चढावर थांबल्यावर ब्रेक न दाबता, अॅक्सिलरेटर हलकासा देऊन गाडी जागच्या जागी तोलून धरणं. बघायला हे कसब वाटतं. पण त्या सगळ्या वेळात क्लच दोरासारखा घसरत असतो. मिनिट-दोन मिनिटांत जळका वास येऊ शकतो. थांबायचं म्हणजे ब्रेकवर थांबायचं.

रांगेत मुंगीच्या पावलांनी

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना किंवा नवरात्रात गडाच्या वाटेवर रांग लागली की गाडी मुंगीच्या पावलांनी चालते. चैत्रोत्सवात आणि नवरात्रात खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवून वर एसटीने जावं लागतं, तेव्हा तो प्रश्न सुटतो. एरवी मात्र आपला आपल्यालाच चढायचा असतो.

अशा रांगेत हातभर जागा झाली की हातभर पुढे, असं करू नका. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. गाडीभर-दोन गाड्यांची जागा झाली की निघा, सहा-सातच्या वर वेग जाऊ द्या, मग पूर्ण थांबा. रांग मिनिटभराहून जास्त हलणार नसेल तर हँडब्रेक लावून गिअर ‘एन’वर ठेवा. गाडीला विश्रांती, आपल्या पायालाही.

चढताना गाडी ‘डी’मध्येच ठेवली तर ती पेट्रोल वाचवण्यासाठी लवकर वरचा गिअर घेते, चढ जाणवला की पुन्हा खाली येते, पुन्हा वर जाते. वळणावळणाच्या घाटात हा खेळ सतत चालतो. त्यापेक्षा ‘एस’ किंवा हाताने गिअर बदलायची सोय वापरा आणि दुसरा गिअर धरून ठेवा. उभ्या वळणावर वेग फारच कमी झाला तर पहिला घ्या. पुढची बस ओलांडताना एक लक्षात ठेवा. पुढे कोणता गिअर लागेल याचा अंदाज गाडीने आधीच बांधलेला असतो. आपण अचानक पाय दाबला आणि तिचा अंदाज चुकला, तर जोर यायला क्षणभर लागतो. म्हणून आधी गिअर खाली घ्या, जोर आल्याचं जाणवू द्या, मगच बाहेर पडा. समोरून गाडी येत असेल तर बस ओलांडण्याचा मोह सोडा.

क्लच तापला की गाडी आधी सांगते. सुटताना थरथरते, झटके देते. काही गाड्यांत समोर सूचना येते, की गिअरबॉक्स तापला आहे, सुरक्षित जागी थांबा. सूचनेकडे दुर्लक्ष करून गडापर्यंत रेटायचं नाही. घाटात रुंद, सुरक्षित जागा पाहून थांबा, ‘पी’ आणि हँडब्रेक लावा, धोक्याचे दिवे चालू करा. पुस्तिकेत वेगळं सांगितलेलं नसेल तर इंजिन चालू ठेवा आणि सूचना जाईपर्यंत थांबा. एका चाकामागे दगड लावा आणि निघताना तो रस्त्यातून उचलून बाजूला टाका. रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव त्या दगडावर जातो.

उतरताना आणि घरी लावताना

उतारावर गाडी ‘एन’ला टाकून पेट्रोल वाचवण्याची सवय पुष्कळांना असते. पेट्रोल वाचत नाही. गिअरमध्ये असताना पाय काढला की आजकालच्या इंजिनात पेट्रोल जाणंच थांबतं. उलट ‘एन’मध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतं. आणि मुख्य म्हणजे ‘एन’मध्ये गाडीला इंजिनाचा अडथळा राहत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की ऐन वळणावर धरत नाहीत. उतरताना हाताने दुसरा किंवा तिसरा गिअर लावा. इंजिन गाडीला मागून धरून ठेवेल. ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नका. गरज लागेल तेव्हा नीट दाबा आणि सोडा.

उतारावर गाडी लावताना क्रम सांभाळा. ब्रेक दाबलेला, गिअर ‘एन’वर, हँडब्रेक घट्ट. मग ब्रेक सोडून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्या. पुन्हा ब्रेक दाबा, ‘पी’ लावा आणि इंजिन बंद करा. नाहीतर सगळा भार ‘पी’च्या छोट्याशा खुंटीवर येतो आणि निघताना खटकन आवाज होतो. तळघरातल्या पार्किंगचा उभा चढ मागे-मागे चढवणं हे या गाडीला सगळ्यांत जड काम. शक्य तिथे सरळ चढा. ‘डी’तून ‘आर’ करताना गाडी पूर्ण थांबलेली हवी.

गाडी घ्यायची असेल तर शोरूममध्ये दोन गोष्टी विचारा. ऑटोमॅटिक कोणत्या प्रकारची आहे? दोन क्लचची असेल तर कोरडी की ओली? सेलेरिओने २०१४ पासून आपल्याकडे रुजवलेल्या एएमटीत एकच क्लच असतो, ती गिअर बदलताना मान डोलावते. टॉर्क कन्व्हर्टरची गाडी इंजिनाचा जोर तेलातून पोचवते, म्हणून हळू चालणं ती जास्त सोसते. दोन क्लचची गाडी मोकळ्या रस्त्यावर सगळ्यांत चपळ. आपलं जाणं-येणं कुठे जास्त आहे, त्यावरून ठरवा. आणि चाचणीसाठी सपाट रस्त्यावर फेरी मारून समाधान मानू नका. पुलाच्या चढावर न्या, मध्येच थांबवा, पुन्हा सोडून पाहा.

शेवटी एवढंच. घाटात जाण्याआधी एखाद्या रविवारी सकाळी, रहदारी नसताना, ओळखीच्या चढावर दहा वेळा थांबून दहा वेळा सुटून पाहा. शेजारी गाडी येणारं माणूस बसवा, मागे कुणी नाही ना ते पाहा. अकराव्या वेळी पाय आपोआप बरोबर पडेल. मग मागे ट्रक असो की सासूबाई, काळजात धस्स होणार नाही.