कन्हानकाठ आणि बिअरच्या जुन्या पाट्या

नागपूरजवळच्या मौद्याहून कन्हान नदीच्या काठाने वर गेलं की कामठी लागते. १८२१ मध्ये वसलेली ही इंग्रजांची छावणी. जिथे गोरी पलटण, तिथे बिअर हे त्या काळचं समीकरणच होतं. आधी ती विलायतेहून पिंपांत भरून जहाजाने मुंबईला यायची, तिथून पुढे बैलगाडीने. १८५५ मध्ये एडवर्ड डायरने कसौलीला देशी बिअर बनवायला घेतली आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. मग पेट्या येणं सोपं झालं, आणि मालासोबत कंपनीचं नाव भिंतीवर मिरवण्याची रीतही रुजली.

या जाहिरातकलेचा खरा बहर १८८० ते १९३०चा. ब्रिटनमध्ये नोंदलेलं पहिलं व्यापारचिन्ह म्हणजे बास या बिअर कंपनीचा लाल त्रिकोण, १८७६चा. त्याच सुमारास लोखंडी पत्र्यावर काचेची पूड भट्टीत वितळवून एनॅमलच्या पाट्या होऊ लागल्या. रंग एकावर एक चढवायचे आणि दर वेळी पाटी पुन्हा भाजायची. म्हणून शंभर वर्षांनंतरही त्यांचा निळा रंग ताजा दिसतो. छापील चित्रांमध्ये अमेरिकेतल्या अनहॉयझर-बुश कंपनीने १८९६ मध्ये गुत्त्यागुत्त्यांत वाटलेलं अमेरिकी सेनाधिकारी कस्टरच्या अखेरच्या लढाईचं चित्र संग्राहकांना ठाऊक असतं. मला मात्र चित्रकार जॉन गिलरॉयने गिनेस बिअरसाठी रंगवलेला टूकन पक्षी त्याहून सरस वाटतो. एवढ्या कमी रेषांत एवढा आनंद क्वचितच सापडतो.

आपल्याकडे हा बहर फार लवकर ओसरला. साबण आणि ग्राइप वॉटरच्या कॅलेंडरांवर देवदेवता आल्या, ती घराघरांत टांगली गेली आणि टिकली. बिअरची जागा क्लबात आणि मेसमध्ये. पलटणी गेल्या तशा त्या भिंतीही रिकाम्या झाल्या. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्याच्या जाहिरातीवरच बंदी घातली. पुढे तो कायदा विदर्भालाही लागू झाला. आमच्या भागातल्या मोहाच्या दारूला तर पाटी कधी लागलीच नाही, गिऱ्हाईक वासानेच यायचं. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ मध्ये उठली, आणि तिथे दारूबंदीच्या आधीच्या वस्तूंना मोल आलं. इथे पाट्यांचा पत्रा छपराला गेला किंवा कबाड्याकडे.

आज मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवर अशा पाट्या दिसतात, पण त्यांत नव्याने गंजवलेल्याच फार. अस्सल पाटीवर बोट फिरवलं की रंगांचे थर हाताला लागतात, आणि गंज खिळ्यांच्या भोकांभोवती, टवका उडालेल्या जागी असतो, सरसकट नाही.

कामठी-मौद्याकडच्या जुन्या घरात असं काही निघालं, तर ते घासू नका, रंगवू नका. कोणत्या भिंतीवर होतं ते मागे कागदावर लिहून ठेवा आणि मगच कोणाला द्यायचं ते ठरवा.