इंधनझडप, स्पोर्ट्‌स मोटारगाडीची

मोटारगाडीच्या इंधन टाकीत पेट्रोल किंवा डीझेल भरण्याच्या नळीचे तोंड गाडीच्या कवचातील एका खोलगट कप्प्यात असते. हा कप्पा बाहेरून झाकणाऱ्या बिजागरीच्या झडपेला इंधनझडप म्हणतात. नळीच्या तोंडावरील आट्यांचे झाकण हे झडपेहून वेगळे असून ते झडपेच्या आत असते. झडप अडकल्यास गाडी सर्व दृष्टींनी सुस्थितीत असूनही तिच्यात इंधन भरता येत नाही.

शर्यतीच्या जुन्या गाड्यांत इंधन त्वरेने भरता यावे म्हणून टाकीचे धातूचे झाकण उघडेच ठेवीत व ते एका झटक्यात उघडणारे असे. रस्त्यावरील स्पोर्ट्‌स गाड्यांत मात्र कवचाच्या रेषेत सपाट बसणारी झडप रूढ झाली. १९६१ साली आलेल्या जॅग्वार ई-टाइप या गाडीच्या मागील डाव्या बाजूस अशी झडप होती. पोर्शे ९११ या गाडीची टाकी पुढे असल्याने तिची झडप पुढील चाकावरील पत्र्यात असते. सपाट बसणाऱ्या झडपेच्या कडेची फट अरुंद असते आणि पकडण्यास मूठ नसते. त्यामुळे ती अडकली असता बाहेरून उघडणे अवघड जाते.

रचना : झडपेच्या एका बाजूस बिजागरी व समोरच्या बाजूस खटका असतो. खटक्याची जीभ मागे सरली की लहान स्प्रिंगच्या रेट्याने झडप थोडी बाहेर येते. जीभ सरकविण्याच्या दोन पद्धती मुख्य आहेत. पहिलीत चालकाजवळच्या तरफेपासून खटक्यापर्यंत आवरणातून पोलादी तार नेलेली असते. दुसरीत दारांच्या कुलपांबरोबर चालणारी लहान विद्युत् मोटर जिभेऐवजी एक खिळ आतबाहेर करते. १९८९ साली आलेल्या माझदा एमएक्स-५ या दोन आसनी गाडीत पहिली पद्धत होती व तिची तरफ दोन आसनांमधील कप्प्यात बसविलेली होती.

अडकण्याची कारणे : यांत हवामानाचा वाटा मोठा असतो. रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी असून तेथे वर्षाला सु. ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या काळात पडतो. कर्जत–मुरबाड रस्त्यावरील कळंबसारख्या गावी पावसाळाभर आडोशाला उभी राहिलेली गाडी चार महिने दमट हवेत असते. झडपेच्या कप्प्यात शिरलेले पाणी तळाच्या बारीक छिद्रातून निघून जावे अशी योजना असते. पालापाचोळा व चिखल यांनी ते छिद्र बुजले की पाणी साचते, बिजागरीची पिन व खटक्याची जीभ गंजते आणि वंगण धुऊन जाते. उन्हाळ्यात हेच वंगण धूळ मिसळून चिकट होते. याखेरीज तार ताणली जाणे किंवा तुटणे, फ्यूज वितळणे, बॅटरी उतरणे आणि प्लॅस्टिकची खिळ मोडणे हीही कारणे आढळतात.

दुरुस्ती : प्रथम दोष विद्युत् मंडलातील आहे की यांत्रिक आहे, हे ठरवावे. दारांचे कुलूप दोनतीनदा लावून उघडावे व झडपेपाशी कान द्यावा. मोटरचा आवाज मुळीच येत नसल्यास फ्यूज व बॅटरी तपासावी. आवाज येऊनही झडप हलत नसल्यास खिळ किंवा बिजागरी अडकली आहे, असे समजावे. दोन्ही प्रकारांत पुढील उपाय प्रथम करावा : एकाने खटक्याच्या बाजूस झडप तळहाताने आत दाबून धरावी आणि दुसऱ्याने तरफ ओढावी किंवा कुलूप उघडावे. दाबल्याने जिभेवरील ताण कमी होतो व घर्षण घटून ती मोकळी होते. अडकलेल्या झडपांपैकी पुष्कळशा एवढ्यानेच उघडतात.

याने काम न झाल्यास आणीबाणीची दोरी शोधावी. अनेक गाड्यांत ती सामानाच्या कप्प्यात, झडपेच्या बाजूच्या अस्तरामागे असते. टाकी पुढे असलेल्या काही गाड्यांत ती दाराच्या चौकटीत असते. तिची जागा गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. दोरी सावकाश व सरळ ओढावी. हिसका दिल्यास ती तुटते. तरफ सैल लागत असेल, तर तार सुटली आहे असे जाणून अस्तर काढावे व तारेचे टोक पकडीने ओढावे.

झडप बाहेरून उचकटणे हा शेवटचा उपाय होय. त्यासाठी कडांना चिकटपट्टी लावून प्लॅस्टिकची पातळ पट्टी खटक्याच्या बाजूने सरकवावी व जीभ मागे ढकलावी. स्क्रूड्रायव्हर वापरू नये. ॲल्युमिनियमचा पत्रा एकदा वाकला की पूर्ववत होत नाही आणि तंतुप्रबलित प्लॅस्टिकच्या कवचास तडा जातो.

झडप उघडताच ती लगेच बंद करू नये. कप्पा पुसून कोरडा करावा, पाणी जाण्याचे छिद्र मोकळे करावे, गंज खरवडून बिजागरीला व खटक्याला सिलिकोनयुक्त वंगण द्यावे. खनिज तेलाने रबरी पट्टी फुगते, म्हणून ते रबराला लागू देऊ नये. नंतर झडप उघडी ठेवूनच तरफ किंवा कुलूप दहाबारा वेळा चालवावे व जीभ दर वेळी पूर्ण मागे जाते याची खात्री झाल्यावरच झडप लावावी.

सुरक्षितता : पेट्रोलचा प्रज्वलनांक सु. −४३° से. असल्याने कोणत्याही ऋतूत त्याची वाफ पेट घेऊ शकते. ही वाफ हवेपेक्षा जड असून जमिनीलगत पसरते. म्हणून झडपेजवळ विद्युत् छिद्रणयंत्र, झाळण्याची ज्योत किंवा बिडीकाडी वापरू नये आणि काम उघड्या हवेत करावे. मोडलेली झडप तशीच ठेवून आतील झाकण सैल राहिल्यास पावसाचे पाणी टाकीत जाते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये प्रमाणाबाहेर पाणी मिसळले, तर इथेनॉल व पाणी यांचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो व एंजिन बंद पडते. पावसाळ्यापूर्वी व नंतर झडपेला वंगण देणे आणि टाकी रिकामी होण्याची वाट न पाहता ती अधूनमधून उघडून पाहणे, एवढी निगा पुरेशी असते. बोरघाटासारख्या चढणीवर टाकी रिकामी झाल्यानंतर झडप अडकल्याचे कळले, तर जमिनीलगत असलेली ही गाडी ओढून नेणेही कठीण पडते.