निजामाच्या दरबारातील गोंडांचा वकील

आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेला राजुऱ्याचा मुलूख 1956 पर्यंत हैदराबादकडील आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे, हे ध्यानी घेतले म्हणजे व्हिएन्नाच्या एका पंडिताचे चरित्र आपल्या दाराशी येऊन ठेपते. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ. दुसरे महायुद्ध पेटताच जर्मन पारपत्रामुळे ते शत्रुप्रजाजन ठरले आणि त्यांचा मुक्काम हैदराबाद संस्थानापुरता मर्यादित झाला. ज्याच्यावर नजर ठेवावयाची, त्याच्याच सल्ल्याने पुढे जमिनीचे पट्टे निघावेत, ही त्या राज्यकारभाराची गंमतच म्हणावयाची!

राखीव जंगलाच्या हद्दी आखून गोंडांना पिढीजात शेतांतून उठविले जात होते आणि बाहेरून आलेल्यांची नावे मात्र दप्तरी बिनबोभाट चढत होती. या जुलमाविरुद्ध उठलेला कोमराम भीम 1940 साली जोडेघाटात पोलिसांच्या गोळीस बळी पडला, तेव्हा कुठे दरबारास गोंडांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्याची बुद्धी झाली. त्या चौकशीच्या निमित्ताने हाइमेनडॉर्फ आदिलाबादेतील मारलवाईच्या गोंडवस्तीत राहिले. गोंडांचे वंशपरंपरागत भाट असलेले परधान किंगरी या तंतुवाद्यावर आपल्या धनी कुळांच्या कथा गात. चार, पाच, सहा आणि सात देवांच्या कुळांचा तो विस्तार या परदेशी श्रोत्याने बारकाईने टिपला, आणि त्यातूनच त्यांचा राजगोंडांवरील 1948 सालचा ग्रंथ सिद्ध झाला. मात्र त्याच वस्तीत पटवारी आणि जंगल-चौकीदार यांच्याविरुद्धची गाऱ्हाणीही त्यांच्या कानी पडत होती, आणि ती अहवालांत उतरत होती.

अहवाल लिहिणारे पुष्कळ. ते मन लावून वाचणारा अधिकारी विरळा. येथे तो लाभला. संस्थानचे महसूल खाते सांभाळणारे डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांनी स्वतः बस्तरच्या माडियांवर ग्रंथ लिहिला होता व मध्यप्रांतातील आदिवासींची सरकारी चौकशीही केली होती. मारलवाईस 1943 साली शिक्षणकेंद्र निघाले, गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली, गोंडांना पट्टे मिळू लागले. 1945 साली हाइमेनडॉर्फ सरकारचे अधिकृत सल्लागार झाले. तथापि माझ्या मते या वजनाचे मूळ विद्वत्तेपेक्षा भीमच्या बंडात अधिक होते. दरबार धास्तावला नसता, तर ते अहवाल दप्तरखान्यातच धूळ खात पडले असते.

धास्ती ओसरल्यावर त्या पट्ट्यांचे काय झाले, हे हाइमेनडॉर्फ यांनीच पुढे पाहिले. 1970 नंतर ते आदिलाबादेस परतले, तेव्हा गोंडांच्या कित्येक जमिनी पुन्हा परक्यांच्या कबजात गेल्या होत्या, आणि 1982 च्या आपल्या ग्रंथात त्यांनी ते आडपडदा न ठेवता नोंदविले.