पंखावरची चिठ्ठी

रानात रुईच्या झाडाभोवती केशरी फुलपाखरे फिरताना आपण पाहतो. ती रुईच्या पानांवर अंडी घालतात. त्यांची भावकी दूर अमेरिका खंडात आहे. तिचे नाव मोनार्क. मोनार्कच्या अळ्याही रुईच्याच कुळातील चिकाची झाडे खातात.

उन्हाळ्यात मोनार्क पार कॅनडा देशापर्यंत दिसतात. तिकडे हिवाळ्यात बर्फ पडतो. त्याआधीच ती दक्षिणेकडे उडून जातात. पण जातात कोठे? शास्त्रज्ञांनाही सांगता येईना. फुलपाखराच्या मागे माणूस धावणार तरी किती?

कॅनडात टोरांटो शहरी फ्रेड अर्कर्ट नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी व त्यांच्या पत्नी नोराबाईंनी एक युक्ती काढली. आपण गुरांच्या कानाला बिल्ला मारतो ना? तशी फुलपाखराच्या पंखाला कागदाची चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर नंबर व टोरांटोचा पत्ता. पहिल्या चिठ्ठ्या पावसात भिजून गळाल्या. मग दुकानदार मालावर किमतीची चिकटपट्टी लावतो, तशा चिठ्ठ्या केल्या. त्या टिकल्या.

पण दोघांच्याने हे काम कसे उरकावे? १९५२ साली त्यांनी लोकांना हाक दिली. शाळेतील मुले, मास्तर, बायाबापड्या, सारे चिठ्ठ्या लावू लागले. चिठ्ठीचे फुलपाखरू ज्याला सापडे, तो टोरांटोला कळवी. नकाशावर खुणा होत गेल्या. रोख मेक्सिको देशाकडे निघाला.

१९७५ च्या जानेवारीत केन ब्रगर व कातालिना आग्वादो यांना मेक्सिकोच्या डोंगरात ती जागा सापडली. उंची सुमारे ३००० मीटर. झाडांच्या फांद्या, खोडे फुलपाखरांनी झाकून गेली होती! तिथले गावकरी त्यांना दर वर्षी पाहतच होते. पण ती उत्तरेकडचीच, याला पुरावा हवा होता.

पुढच्या वर्षी अर्कर्ट स्वतः तेथे गेले. फुलपाखरांच्या भाराने एक फांदी कडाडकन मोडून पडली. त्या ढिगात एका पंखावर पांढरी चिठ्ठी! ती अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात लावलेली होती. अर्ध्या ग्रॅमचा हा जीव अडीच हजार किलोमीटरांहून जास्त उडून आला होता. जवळजवळ ४० वर्षांचा शोध फळाला आला.

मंडळी, चिठ्ठी नखाएवढी. पण कोणी तरी नंबर घातला, कोणी तरी तो वाचला, कोणी तरी पत्र टाकले. म्हणून कोडे सुटले. आम्ही म्हणतो, चार अक्षरे येणाऱ्या माणसाचे हात असे कामाला येतात.