खेळयंत्राची पेटी आणि तिचे धडे

१९७२ साली अमेरिकेतील सनीव्हेल येथील एका मद्यगृहात ॲलन अल्कॉर्न यांनी रचलेले 'पाँग' हे नाणे टाकून पडद्यावर खेळावयाचे यंत्र बसविण्यात आले. थोड्याच दिवसांत ते अडले. पाहतात तो नाण्यांचा डबा काठोकाठ भरलेला! अशी पेटी घरी बांधणाऱ्यासही हाच पहिला धडा मिळतो : खेळाइतकीच काळजी पेटीची घ्यावी लागते.

दुसरा धडा उष्णतेचा. दिल्लीलगतच्या गाझियाबादेत उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर चढतो. बंद प्लायवूडच्या पेटीत पडदा व संगणक यांची उष्णता साचून आतील तापमान त्याहूनही वाढते. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते. म्हणून माथ्याजवळ तिला वाट हवी, तशीच बाहेरची हवा आत येण्यासाठी तळाशीही छिद्रे हवीत.

तिसरा धडा कळीचा. कळ दाबताच तिच्या धातूच्या पट्ट्या क्षणभर थरथरतात आणि यंत्रास एकच दाब अनेक वाटतो. म्हणून काही सहस्रांश सेकंद थांबून मगच तो दाब मोजण्याची योजना करतात.

शेवटचा धडा जिवाचा. २३० व्होल्टच्या विजेपाशी धातूच्या भागांचे अर्थिंग असलेच पाहिजे. ते काम जाणत्या तारतंत्र्याकडूनच करवून घ्यावे.