छप्पर पुलाला, माणसाला नव्हे

‘घोडे दौडवू नका, चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड’ अशा अर्थाची पाटी पुलाच्या तोंडावर अजून आहे. आता घोडे नाहीत, आणि मोटारवाल्यांना ती वाचायला सवड नाही. कनेक्टिकट नदीवरच्या या कॉर्निश-विंडसर पुलाचं एक टोक न्यू हॅम्पशायरात, दुसरं व्हरमाँटमध्ये. बोस्टनला लेकी-मुलांकडे आलेल्या मराठी आईबाबांना पानगळीचे रंग दाखवायला या बाजूला आणतात, मीही त्यातलाच.

पहिला पूल १७९६ सालचा. तो आणि त्यानंतरचे दोन नदीने गिळले. १८६६ मध्ये नऊ हजार डॉलरांत हा चौथा उभा राहिला. लांबी ४४९ फूट, गाळे दोनच.

मला भुरळ घातली ती तो बांधणाऱ्या जेम्स टास्करने. जोडीला बेला फ्लेचर होता, पण गोष्टी सांगतात त्या टास्करच्या. म्हणे त्याला लिहितावाचता येत नव्हतं. पुलाचा छोटा नमुना करून त्यावर खिळ्यांची पिंपं रचायची आणि वर स्वतः चढायचं, ही त्याची खात्री पटवायची रीत. खरंखोटं देव जाणे. पण आत शिरून बाजूची जाळी पाहिली की विश्वास ठेवावासा वाटतो. चौकोनी तासलेल्या तुळया तिरप्या एकमेकींवरून गेलेल्या, जिथे छेदतात तिथे खाच पाडून घट्ट बसवलेल्या. कुडाच्या तट्ट्याची वीणच. ही जुळणी आधी विंडसरच्या कुरणात केली, मग सुटी करून नदीवर आणली.

छप्पर आहे ते ही जाळी कुजू नये म्हणून. हिवाळ्यात मात्र त्याची पंचाईत व्हायची. आतल्या कोरड्या फळ्यांवर घसरगाड्या अडत, मग बाहेरचं बर्फ आणून आत पसरावं लागे!

१९४३ पर्यंत इथे टोल होता. १९८९ च्या दुरुस्तीला साडेचव्वेचाळीस लाख डॉलर लागले. तळच्या लांब तुळया तेव्हा थर चिकटवून केलेल्या नव्या बसवल्या. जुन्याच्या भोक्त्यांना हे खुपतं, मलाही जरा खुपलं. पण पूल वाहता राहिला, हे महत्त्वाचं. देशातला सर्वांत लांब छपरी पूल हा मान मात्र २००८ मध्ये ओहायोच्या ६१३ फुटी स्मोलेन-गल्फ पुलाकडे गेला.

जाणार असाल तर पूल पायी ओलांडा. चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट नाही, तेव्हा मोटार आली की अंग चोरून कडेला उभे राहा.